पौषातली दावण : खान्देशातील गुरांच्या हिवाळ्याचा आढावा

खान्देशात गुरांच्या हालांची चर्चा होते ती उन्हाळ्यात. पारा ४५ अंशांकडे सरकला, बोरी-पांझरेची पात्रे कोरडी पडली, की चारा आणि पाणी या विषयांवर बैठका होतात. हिवाळा आपल्याकडे सुखाचा मानला जातो. भरताचा, हुरड्याचा, शेकोटीचा. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला किमान तापमानाचा आकडा पाच-सहा अंशांवर उतरला की निफाडच्या जोडीने तो वर्तमानपत्रात येतो आणि त्याखाली केळी व द्राक्षांची काळजी छापली जाते. दावणीला बांधलेल्या जनावराने ती रात्र कशी काढली, याबद्दलची ओळ मात्र क्वचित वाचायला मिळते.

प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. अमळनेर तालुक्यातल्या कोणत्याही गावात चार गोठे फिरून पाहावेत. एकाने बारदानाचे पडदे लावून गोठा पेटीसारखा बंद केलेला असतो. दुसऱ्याची जनावरे उघड्या आवारात मोकळी असतात. कोणी थंडी सुरू झाली की ढेप वाढवतो, कोणी गूळ-मेथी चालू करतो, आणि कोणी म्हणतो, गावरान गाईला थंडी कधी बाधली आहे का? या प्रत्येकाच्या मागे अनुभव आहे. त्यातले काय शास्त्राने तपासले गेले, कशावर अजून मतभेद आहेत आणि कशाकडे कोणी पाहिलेलेच नाही, एवढे एका जागी मांडून पाहायचे आहे.

धाबे गेले, पत्रे आले

जुन्या खान्देशी घरात मातीच्या जाड भिंती, वर धाबे आणि पुढच्या भागात दावण असे. माणसे आणि ढोरे एकाच छपराखाली. रात्री उशिरा घरी येणाऱ्याला अंधारात आधी बैलांचा रवंथ ऐकू यायचा. धाब्याची माती दिवसाचे ऊन धरून ठेवी आणि रात्रभर हळूहळू सोडी. शिवाय सात-आठ जनावरांच्या अंगाची ऊब घरातच राही. त्या उबेची किंमतही मोजावी लागे. ओल, पिसवा, शेणामुताचा उग्र वास, आणि एकाला जडलेला आजार सगळ्या दावणीला.

मग गोठा घराबाहेर गेला आणि त्यावर पत्रे चढले. पत्रा पटकन उभा राहतो, पावसात गळत नाही. पण निरभ्र रात्री तो आपली सगळी उष्णता आकाशाला देऊन टाकतो. पहाटे त्याच्या आतल्या बाजूला जनावरांच्या श्वासाची वाफ जमते, तिचे थेंब होतात आणि ते पाठीवर टपकतात. खाली मातीच्या जागी सिमेंटचा कोबा आला. तो धुवायला सोपा. पण ओल्या कोब्यावर बसलेल्या जनावराची ऊब जमीन शोषून घेत राहते.

दावणीवरची जनावरेही बदलली. तापी खोऱ्यातली खिलार, जिला थिल्लारी म्हणत, आणि सातपुड्यापलीकडून येणारी निमाडी या मुख्यतः कामाच्या जाती. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोड्या कमी झाल्या. महाराष्ट्रात २०१२ च्या पशुगणनेत सुमारे १५५ लाख गोवंशीय जनावरे होती, ती २०१९ मध्ये सुमारे १४० लाखांवर आली. दुधासाठी संकरित गाई, मुऱ्हा, जाफराबादी, मेहसाणा म्हशी आल्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' गाय घडवली. या सगळ्या खटपटीत डोळ्यांसमोर होता तो आपला उन्हाळा. हिवाळ्याची कसोटी लावून जनावर निवडावे, असे कोणाला वाटले नाही आणि त्यात चूकही नव्हती.

खाण्यातही पालट झाला. एके काळी या भागात भुईमूग मोठा होता. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा जो कारखाना निघाला आणि ज्यातून पुढे विप्रो उभी राहिली, तोही तेलबियांच्याच मुलखात. भुईमूग मागे पडला, कपाशी पसरली आणि गव्हाणीत शेंगदाण्याच्या पेंडीच्या जागी सरकीची ढेप आली. टिकून राहिली ती दादर. भारी काळ्या रानात पावसाळ्याच्या शेवटी जमिनीतल्या ओलीवर पेरायची ही ज्वारी, आणि तिचा कडबा. दादरीचा कडबा आणि संकरित ज्वारीचा कडबा शेजारी टाकून पाहा. जनावर आधी कुठे तोंड घालते ते कोणी सांगायला नको.

थंडी कोणाला वाजते?

हवामान खाते मैदानी भागात थंडीची लाट जाहीर करते ती किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असेल तेव्हा; किंवा पारा थेट ४ अंशांवर आला तर. हे झाले हवेचे माप. जनावराचे माप निराळे असते. हवा एका मर्यादेखाली गेली की अंग गरम ठेवण्यासाठी त्याला जादा अन्न जाळावे लागते. ती मर्यादा कुठे, यावर सगळी चर्चा फिरते.

अमेरिका-कॅनडातल्या पशुपालकांसाठी जे कोष्टक वापरले जाते त्यात दाट हिवाळी केसांच्या, कोरड्या अंगाच्या गाईची मर्यादा शून्याच्याही खाली, उणे सात अंशांच्या आसपास धरतात. तीच गाय भिजलेली असेल तर मर्यादा एकदम १५ अंशांवर येते. मर्यादेखालच्या दर अंशामागे ऊर्जेची गरज साधारण दोन टक्क्यांनी वाढते. हे गणित अमळनेरला लावून पाहू. आठ अंशांच्या कोरड्या रात्री धडधाकट दुभत्या गाईला जादा काहीच लागत नाही. तीच गाय अवकाळी पावसात भिजून रात्रभर उभी राहिली तर सात अंशांची तूट पडते, म्हणजे चौदा टक्के जादा खुराक.

या आकड्यांवरून एक पक्ष म्हणतो की खान्देशात मोठ्या जनावरांच्या थंडीची काळजी वाहण्याचे कारण नाही. होल्स्टिनच्या रक्ताची गाय तर आपल्या डिसेंबर-जानेवारीतच खरी सुखी असते. ती धापा टाकत नाही, पोटभर खाते, दूधही चांगले देते. म्हशींचा माजही या दिवसांत उघड दिसतो. गोठ्याचा जमाखर्च लिहिणारा माणूस हिवाळ्याला दूषण देणार नाही, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, हे कोष्टक त्यांच्या गाईचे आहे. आपल्या गाईचे केस आखूड, कातडी सैल, पोळी लोंबती, कान मोठे. हे सगळे शरीर उष्णता बाहेर टाकण्यासाठी घडलेले. म्हशीच्या काळ्या कातडीवर तर केस नावालाच. अंगात जात्याच कमी उष्णता तयार होत असेल तर थंडीची मर्यादाही वर सरकणार. या म्हणण्याला परदेशातून एक भक्कम पुरावा मिळतो. गीर आणि इतर भारतीय जातींपासून अमेरिकेत 'ब्राह्मण' नावाची गोजात तयार झाली. उन्हाळ्यात ती युरोपीय गाईंना मागे टाकते, पण थंडीत जन्मलेली तिची वासरे युरोपीय वासरांपेक्षा लवकर गारठतात, उठायला आणि प्यायला उशीर करतात, हे तिकडच्या दक्षिणेकडील राज्यांत वारंवार नोंदले गेले आहे. 'गावरान सगळे सोसते' हे वाक्य उन्हाळ्यापुरते खरे आहे. हिवाळ्यात ते तपासून घ्यायला हवे, असे मला वाटते.

तिसरा मुद्दा या दोघांच्या मधला आणि खास आपल्याकडचा. पहाटे आठ अंश आणि दुपारी तीस, असा वीस-बावीस अंशांचा झोका इथे रोजचा. सतत थंड हवेत जनावर हळूहळू केस वाढवते, त्याचे शरीर सरावते. रोज दुपारी उन्हात आणि रोज पहाटे गारठ्यात असणाऱ्या जनावराचे शरीर कशाला सरावते? थंड देशांच्या कोष्टकांत याचे उत्तर नाही.

पोटातली शेकोटी

कडबा की ढेप हा वाद प्रत्येक गोठ्यात ऐकू येतो. थंडी पडली की ढेप वाढवावी, ती 'गरम' असते, ही समजूत घट्ट आहे. तिच्यात तथ्य आहे, पण अर्धे. सरकी तशीच खाऊ घातली तर तिच्यातल्या तेलामुळे ऊर्जा भरपूर मिळते. ढेपेतून तेल निघून गेलेले असते, तिचा मोठा गुण प्रथिनांचा. अंगात ऊब निर्माण होते ती मुख्यतः दुसरीकडून. कडब्यासारखी तंतुमय वैरण पोटात सूक्ष्मजीवांच्या हातून कुजते, आंबते, आणि त्या आंबण्यातून उष्णता बाहेर पडते. रवंथ करणाऱ्या प्राण्याचे पोट ही त्याची स्वतःची शेकोटी आहे आणि तिचे सरपण म्हणजे कोरडा चारा. म्हणून थंडीत आधी वैरण पोटभर, मग आंबोण, हा क्रम बहुतेक पशुआहारतज्ज्ञ मान्य करतात. सरकीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य मोठ्या जनावराचे पोट निष्प्रभ करते. कोवळ्या वासराचे पोट ते करू शकत नाही. त्याला सरकी किंवा तिची ढेप घालू नये, यावर दुमत नाही.

वेळेचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला पैसे लागत नाहीत. चारा खाल्ल्यानंतर काही तासांनी पोटातली उष्णता सर्वांत जास्त असते. सकाळी सातला गव्हाण भरली तर ही ऊब दुपारच्या उन्हात वाया जाते. संध्याकाळी उशिरा, झोपायच्या आधी, कुट्टीचा मोठा हिस्सा टाकला तर ती पहाटेच्या तोंडाशी उपयोगी पडते. आमच्याकडचे जुने सालदार रात्री कंदील घेऊन गव्हाणीत पुन्हा एकदा वैरण टाकून येत आणि मगच अंग टाकत. त्यांना कोणी शास्त्र सांगितले नव्हते. ती चाल सालदारांबरोबर गेली. आता दूध काढून झाले की गोठ्याचा दिवा मालवला जातो.

याच सवयीचा आणखी एक उपयोग कॅनडात सापडला. मॅनिटोबातल्या गस कोनेफाल या पशुपालकाने १९७० च्या दशकात पाहिले, की विण्याच्या दिवसांत चारा रात्री दिला तर बहुतेक गाई दिवसा वितात. नंतरच्या प्रयोगांत निकाल कमीजास्त आले. तरी कल गाईंनी दिवसा विण्याकडेच दिसला. थंड रात्री वासरू जन्मण्यापेक्षा दुपारच्या उन्हात जन्मलेले केव्हाही बरे.

गूळ, मेथी, ओवा, सुंठ, व्यालेल्या जनावराला बाजरी शिजवून. ही घरगुती परंपरा आणि तिच्याविषयीचे मत यांत मोठी तफावत आहे. वैदू-जाणते तिला औषध मानतात, काही पशुवैद्यक निव्वळ समजूत म्हणून सोडून देतात. गुळातून चटकन ऊर्जा मिळते, व्यालेल्या थकलेल्या गाईला ती हवीच असते. ओवा-सुंठीने पचनाला मदत होते, असा अनुभव आहे. मात्र थंडी आहे म्हणून गूळ-धान्य एकदम वाढवले तर पोटातले आम्ल वाढते, जनावर चारा सोडते आणि शेकोटीच विझते. किती द्यावे, कोणाला द्यावे, किती दिवस द्यावे, याचे नेमके प्रमाण ठरवणारे काम आपल्या गोठ्यांत व्हायचे आहे.

हिरव्या चाऱ्याबाबत एक सावधगिरी सगळ्यांनाच ठाऊक आहे आणि घाईत सगळेच विसरतात. लसूणघास किंवा बरसीम पहाटे दव असताना कापून ओलाच टाकला की पोटफुगी होते. दव वाळू द्यावे, आधी कडब्याचे चार घास पोटात जाऊ द्यावेत. मुरघासाने अलीकडे बरेच बदलले आहे; मका चिकात असताना कापून, हवा न लागू देता दाबून ठेवला की दीड-दोन महिन्यांत तयार होतो आणि हिवाळाभर एकसारखा पुरतो. निकृष्ट चाऱ्यावर युरियाची प्रक्रिया हा उपाय दशकानुदशके सांगितला जातो. शंभर किलो चाऱ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, झाकून तीन आठवडे ठेवायचा. तो प्रत्यक्षात फार थोड्या गोठ्यांत पोचला. युरिया जास्त झाल्यास जनावर दगावते ही भीती त्यामागे आहे, आणि भीती निराधार नाही.

वेचणी संपलेल्या कपाशीत गुरे-मेंढ्या सोडण्याचा वाद वेगळा. पौषात हिरवे असे रानात तेवढेच उरते. २००६ मध्ये वारंगळ भागात कपाशीच्या रानात चरलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येने मेल्या आणि बीटी वाणावर आरोप झाला. केंद्रीय समितीने तो मान्य केला नाही. फवारणीचे अंश आणि चाऱ्यातले नायट्रेट यांकडे बोट दाखवले. आरोप करणाऱ्यांचे समाधान झाले नाही. इथला शेतकरी या दोन्ही बाजूंच्या मधून वाट काढतो; शेवटची फवारणी कधी झाली ते विचारतो आणि मगच दावे सोडतो.

राहिले पाणी. थंडीत जनावर पाणी कमी पिते. पाणी कमी तर चारा कमी, चारा कमी तर दूध कमी. रात्रभर उघड्या हौदात राहिलेले पाणी सकाळी बर्फासारखे लागते. तेच विहिरीतून ताजे उपसले तर कोमट असते. पाणी तापवण्याची गरज नाही; पहाटे हौद रिकामा करून पुन्हा भरला तरी भागते. प्रश्न येतो तो विजेचा. शेतीपंपाची वीज कोणत्या वेळी येते, यावर हौद कधी भरणार ते ठरते.

बंद की मोकळा

गोठा बंद करावा हे म्हणणाऱ्यांच्या बाजूने धाब्याच्या घरांची आठवण आहे आणि एक साधी जाणीव: मला थंडी वाजते तर माझ्या गाईलाही वाजत असेल. मोकळा ठेवावा म्हणणाऱ्यांच्या बाजूने जनावराचे फुप्फुस आहे. पूर्ण बंद गोठ्यात रात्रभर मुताचा अमोनिया साठतो, दमट हवा खेळत नाही आणि वासरांना न्यूमोनिया होतो. पहाटे गोठ्याचे दार उघडल्यावर डोळे चुरचुरले, तर आत कोंडलेल्या जनावराने तीच हवा रात्रभर ओढली आहे. ही परीक्षा कोणालाही करता येते.

मुक्त संचार गोठ्याचा प्रसार करणारे पशुवैद्यक सांगतात, की जनावराला मोकळे सोडा. ऊन हवे तिथे ते उन्हात जाईल, वारा लागला की आडोशाला येईल. या पद्धतीचे हिवाळ्यातले अनुभव एकंदर चांगले आहेत, पण जागा लागते, आणि गावठाणात दोन म्हशी बांधणाऱ्याकडे ती नसते. दोन्ही बाजू एका ठिकाणी येऊन मिळतात: वाऱ्याची दिशा अडवा, छपराजवळची हवा मोकळी ठेवा. खान्देशात हिवाळी वारा बहुतेक उत्तर-पूर्वेकडून येतो. त्या अंगाला पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा, जनावराच्या पाठीइतका उंच कूड घातला आणि वर हात-दोन हात फट ठेवली तरी मोठा फरक पडतो. बारदानाचा पडदा रात्री सोडावा, ऊन आले की गुंडाळावा.

खालच्या अंथरुणाकडे मात्र हवे तितके लक्ष गेलेले नाही. बसलेल्या जनावराचे पोट आणि कास जमिनीला टेकलेली असते. उष्टी वैरण, कुटार, भुसा यांचा चार बोटे कोरडा थर कोब्यावर पसरला की ती ऊब टिकते. रबरी चटई हा त्यावरचा महाग उपाय. चारा कमी असलेल्या घरात अंथरायला भुसा कुठून आणायचा, हा त्यावरचा रास्त आक्षेप. शेकोटीबद्दल मी स्पष्ट सांगतो: गोठ्यात शेकोटी नको. धूर फुप्फुसाला वाईट आणि कडब्याच्या गंजीला एक ठिणगी पुरते. दरवर्षी कुठेतरी बांधलेली जनावरे दाव्यासकट जळाल्याची बातमी येतेच.

पहिली रात्र

वर ज्यांचे मतभेद सांगितले ते सगळे वासराजवळ येऊन एक होतात. नवजात वासराची थंडीची मर्यादा १५ अंशांच्या आसपास धरली जाते. म्हणजे खान्देशातली डिसेंबर-जानेवारीची जवळजवळ प्रत्येक रात्र त्याच्यासाठी थंडीची आहे, हवामान खाते लाट जाहीर करो वा न करो. ते ओले जन्मते, त्याच्या पोटात अजून शेकोटी पेटलेली नसते, आणि जन्मतः बरोबर आणलेली चरबी काही तासांचीच असते. म्हशींच्या विण्याचा हंगाम पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत चालतो, त्यामुळे पारडी नेमकी या दिवसांत जास्त असतात.

उपायही सर्वमान्य आहे: वासरू पुसून कोरडे करा आणि लगेच चीक पाजा. वजनाच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे पंचवीस किलोच्या वासराला दिवसभरात अडीच लिटर, आणि त्यातला पहिला घोट जन्मल्यापासून एक-दोन तासांत. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्ये शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक घटते आणि दिवसभरात संपते. तरीही गावोगाव एक रीत चालत आली आहे: वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही. वार पडायला आठ तासही लागतात, बाराही.

आमच्या खळ्यात मी ही रीत पाळलेली पाहिली आहे, तिच्यात सामीलही होतो. जानेवारीची रात्र होती, गाय तीनच्या सुमारास व्याली. कालवड होती. गाईने तिला चाटायला सुरुवात केली होती, पण लाथ बसेल म्हणून आम्ही तिला बाजूला घेतले, पोत्यावर ठेवले, वर दुसरे पोते टाकले आणि वार पडायची वाट पाहत बसलो. खालचे पोते ओले होते, कोणाच्या लक्षात आले नाही. उजाडताना मी तिच्या तोंडात बोट घातले. धडधाकट वासरू बोट लगेच चोखू लागते आणि तोंड आतून गरम लागते. तिचे तोंड गार होते आणि जीभ हलली नाही. पशुवैद्यक आले तेव्हा तापमापीतला पारा शंभर फॅरनहाइटच्याही खूप खाली होता. वासराला एकशे एक-दोन हवे. कोमट पाण्याच्या शेकाने आणि नळीने चीक पोटात सोडून त्यांनी प्रयत्न केला. दुपारी ती गेली. गाय दोन दिवस त्या कोपऱ्याकडे तोंड करून उभी होती. वार पडण्याआधी चीक पाजल्याने गाईचे काही बिघडत नाही. उलट वासरू आचळाला लागले की वार सुटायला मदतच होते. हे आम्हाला त्या दुपारी कळले.

ज्यांना गोठाच नाही

हिवाळ्याची चर्चा गोठ्याभोवती फिरते, पण पुष्कळ जनावरांच्या डोक्यावर छप्परच नसते. चाळीसगाव, पारोळा, साक्री, नंदुरबार या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचे बैल दिवाळीनंतर निघतात आणि ऐन थंडीचे महिने कोप्यांशेजारी उघड्यावर काढतात. दिवसभर ओझे, पहाटे गाडीला जुंपणी, आणि खायला वाढे. नुसत्या वाढ्यांवर राहिलेल्या जनावराला त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम कमी पडते. म्हणून चुन्याची निवळी पाजण्याचा सल्ला दिला जातो. धुळे जिल्ह्यातले ठेलारी मेंढपाळ कळपासह याच दिवसांत रानोमाळ असतात. थंडीचे सल्ले यांना लागूच पडत नाहीत. त्यांच्यासाठी पाठीवर बांधायची बारदानाची झूल हाच काय तो गोठा.

यांच्यावर खरा घाला येतो तो ओल्या थंडीचा. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि गार वारा एकदम आला, आणि जुन्नर, आंबेगाव, पारनेर, संगमनेर पट्ट्यात शेकडो मेंढ्या एका रात्रीत गारठून मेल्या. पारा काही गोठणबिंदूला गेला नव्हता. अमेरिकेतल्या साउथ डकोटात ऑक्टोबर २०१३ मध्ये आधी पाऊस आणि मग हिमवादळ झाले, तेव्हा हिवाळी केस न आलेली हजारो गुरे अशीच मेली. एरवी तीच गुरे उणे वीस अंशांत उभी राहतात. खान्देशात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आणि नोव्हेंबर २०२३ चा अवकाळी पाऊस लोकांना आठवतो. हिवाळी पाऊस वाढतो आहे का, यावर हवामानतज्ज्ञांची चर्चा चालू आहे. पशुपालकाला मात्र मंगळवारी-शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यात 'पाऊस आणि थंडी एकत्र' हा इशारा ठळक दिसायला हवा. तो बहुधा पिकांच्या ओळींत हरवतो.

मंगोलियाचे उदाहरण आणखी लांब नेते. तिथल्या प्राणघातक हिवाळ्याला 'झुद' म्हणतात. २००९-१० च्या झुदमध्ये सुमारे ८० लाख जनावरे गेली, देशातल्या एकूण पशुधनाचा पाचवा हिस्सा. त्यांच्या अभ्यासकांनी कारण शोधले ते आदल्या उन्हाळ्यात: दुष्काळामुळे गवत वाढले नाही, जनावरे हाडकुळीच हिवाळ्यात शिरली, आणि बर्फाखाली चरायला काही उरले नाही. आपल्याकडे बर्फ नाही, पण हाडकुळे जनावर हिवाळ्यात शिरते तेव्हा गणित तेच असते. अमळनेर तालुका पर्जन्यछायेचा. ज्या वर्षी पोळ्यापर्यंत पाऊस धड होत नाही, त्या वर्षी पौष अवघड जातो.

न सुटलेले

आपल्या जातींसाठी थंडीची मर्यादा किती, याची मापे आपल्या गोठ्यांत, आपल्या वीस अंशांच्या झोक्यात घ्यायची बाकी आहेत. उन्हाळ्यासाठी तापमान-आर्द्रतेचा निर्देशांक सर्रास वापरात आला; थंडीसाठी तसे सोपे माप गावात पोचलेले नाही. थंडीत दूध घटले तर दोष गारठ्याचा, कमी प्यायलेल्या पाण्याचा की निकस चाऱ्याचा, हे वेगळे करून पाहणाऱ्या नोंदी गोठ्यात कोणी ठेवत नाही.

भरपाईचा प्रश्न तितकाच अडलेला. आपत्तींच्या शासकीय यादीत थंडीची लाट आहे. २०२२ नंतरच्या निकषांनुसार दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या जनावराला ३२,०००, वासराला २०,००० आणि मेंढी-शेळीला ४,००० रुपये मिळू शकतात. पण त्यासाठी आधी 'लाट' असावी लागते. जिथे जानेवारीची सरासरी बारा अंश असेल तिथे लाट ठरते ती साडेसात अंशांना; नऊ अंशांच्या रात्री ओले वासरू गारठून गेले तर ती कागदावर आपत्ती नसते. महसूल खात्याची बाजू अशी, की आकड्याची रेषा कुठेतरी ओढावीच लागते, नाहीतर पंचनाम्याला अंत राहणार नाही. पशुपालकाची बाजू अशी, की रेषा जनावराकडे पाहून ओढावी. दोन्ही म्हणण्यांत वजन आहे आणि त्यांना जोडणारा निकष अजून कोणी मांडलेला नाही.

आणि दादर. तिची उपटणी, कणसे खुडणे, पेंढ्या बांधणे हे सगळे हाताचे काम. मजूर मिळत नाहीत म्हणून रान मका-कपाशीकडे जाते. दुसरीकडे कडब्याचा भाव चढला की गावातला कडबा गावात राहत नाही. टंचाईच्या वर्षी जिल्ह्याबाहेर चारा नेण्यास बंदी घालतात. ती विकणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला जाचते आणि विकत घेणाऱ्या भूमिहीन दूधवाल्याला तारते. सध्या बोरीकाठच्या रानांत दादर निसवली आहे. माघ-फाल्गुनात ती निघेल, शेकड्याने पेंढ्यांचे सौदे होतील, काही गंजी खळ्यांत लागतील आणि काही ट्रक पहाटेच्या गारठ्यात धुळ्याच्या रस्त्याला लागतील.